तिसरा चॅनेल उलटा

१४ नोव्हेंबर २००५, सोमवार
हेन्रिकचं उत्तर आलं एकदाचं. अडीच आठवडे माझा पॅच, म्हणजे लिनक्समध्ये घालायचा माझा कोड, त्यांच्या मेलिंग लिस्टवर पडून होता, कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. रोज चरफडत होते. आता वाटतंय, भीक नको पण कुत्रं आवर. लिनक्समध्ये काय घ्यायचं ते हा तपासतो; स्वीडनमध्ये बसून बाबाने माझ्या ड्रायव्हरच्या तीन हजार ओळी वाचल्यात, एकूण एक, आणि पहिलंच वाक्य: हा ड्रायव्हर नाही, म्युझियम आहे.

म्हणतो, लिनक्सच्या जुन्या कर्नेलसाठी, जुन्या गाभ्यासाठी घातलेलं सगळं काढून टाका. मुख्य लिनक्समध्ये फक्त आजच्या कर्नेलपुरतं लिहायचं. तत्त्व बरोबर आहे. पण आमची गिऱ्हाइकं? कॉम्प्युटरमध्ये बसणारं आमचं कार्ड, ज्याला हा ड्रायव्हर चालवतो, ते पाण्याची पातळी मोजतं, तापमान मोजतं, आणि एकदा बसवलं की लोक त्या मशीनला वर्षानुवर्षं हात लावत नाहीत. कुणाकडे २.४, कुणाकडे २.६.५, एका डेअरीत तर अजून २.२. कर्नेल बदलायचा नाही, ड्रायव्हर मात्र नवा हवा! म्हणून गेली तीन वर्षं मी "याच्यापेक्षा जुना असेल तर असं, नवा असेल तर तसं" अशी ठिगळं लावत बसलेय. गोधडी झालीय नुसती.

म्युझियम म्हणे. म्युझियमवाल्यांना दुपारी जेवायला तरी वेळ मिळत असेल.

१६ नोव्हें., बुध.
कीथशी बोलले. साहेबांचा तोडगा: दोन प्रती ठेव. एक स्वच्छ, हेन्रिकसाठी. एक गोधडी, गिऱ्हाइकांसाठी. "यू आर सो गुड ॲट धिस, व्ही." मी गुड म्हणून मीच डबल राबायचं. प्रत्येक दुरुस्ती दोनदा.

तरी हो म्हटलं. कारण स्वच्छ प्रत एकदा मुख्य कर्नेलमध्ये गेली की ती जगाची. पुढे आतलं काही कुणी बदललं, तर ज्याने बदललं त्यानेच माझाही ड्रायव्हर दुरुस्त करायचा, असा तिथला रिवाज आहे. मग मी असले काय, नसले काय. आणि मला नसायचंच आहे. हे कीथला माहीत नाही.

२० नोव्हें., रवि. ट्रेनमध्ये
रीडिंग स्टेशन गेलं. समोरचा माणूस चिप्स खातोय, सगळ्या डब्यात व्हिनेगरचा वास.

समीर पॅडिंग्टनपर्यंत सोडायला आला होता. दर रविवारी येतो, दर रविवारी म्हणतो, "चला, सात महिने राहिले." गेल्या रविवारीही सातच म्हणाला होता. लग्नाला पाच वर्षं, त्यातली दोन अशी. तो लंडनमध्ये, स्टॅनमोरला लेलेकाकूंच्या वरच्या खोलीत, मी ब्रिस्टलला. मध्ये सहा महिने रीडिंगला राहून पाहिलं, तर दोघंही ट्रेनमध्येच राहायला लागलो.

परिस्थिती अशी की त्याचा व्हिसा माझ्या व्हिसाला टांगलेला. माझा व्हिसा वर्क परमिटला, परमिट या एका कंपनीला. नवी कंपनी बघायला गेलं की पहिला प्रश्न, आयएलआर आहे का? कायम राहायचा शिक्का असेल तर या, नाहीतर परमिटची भानगड नको. त्या शिक्क्याला चार वर्षं लागतात. दहा जून २००६ ला माझी भरतात. अकरा जूनला राजीनामा. ड्रायव्हर तोवर आत गेलेला असेल, म्हणजे कुणाला तोंडघशी पाडून गेले असंही व्हायचं नाही. मग स्टॅनमोर, एक घर, एक फ्रीज. आणि मी चौतीसची होतेय तेव्हा बाकीचंही.

१५ जाने. २००६, रवि.
काल संक्रांत. वेम्बलीला ईलिंग रोडवर तीळ घेतले, गूळ घेतला, लेलेकाकूंच्या किचनमध्ये लाडू केले. पाक जरा पुढे गेला. काकूंची माया इथेच जन्मलेली, लाडू चावून म्हणाली, "वैजूताई, हा तिळगूळ खूप कडक आहे, पण मला आवडली." काकू म्हणाल्या, "आवडला गं!" माया म्हणाली, "तेच ना."

दुपारी स्टेशनजवळचा एक फ्लॅट बाहेरून बघून आलो. बाहेरूनच. एजंटला फोन करायचा धीर होईना. समीर म्हणाला, जूननंतर असाच मिळेल. बाल्कनी आहे. कपडे वाळत घातलेले दिसत होते कुणाचे तरी.

१६ फेब्रु., गुरु.
हेन्रिकच्या शंकांची सहावी फेरी. माणूस कडू आहे पण लबाड नाही. सांगतो ते नीट सांगतो, आणि परत विचारलं तर चिडत नाही. माझ्यापेक्षा बरा.

साफसफाई करताना एक गंमत सापडली. कार्डावर चार चॅनेल. पहिल्या आवृत्तीत तिसऱ्या चॅनेलच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्यात. म्हणजे ड्रायव्हरने तिथे अधिकचं उणे करायला हवं होतं. २००३ मध्ये मी ते विसरले. तीन वर्षं तिसरा चॅनेल जगभर उलटे आकडे देतोय आणि एकाने तक्रार केली नाही! कुणी तिसरा वापरतच नसणार. एका ओळीत दुरुस्त केलं. लाज वाटली, पण मोकळंही वाटलं. चला, घर सोडताना झाडून तरी दिलं.

१५ मार्च, बुध.
समीरचा फोन ऑफिसात. कधी करत नाही. म्हणाला, बातमी वाचलीस? आयएलआरला आता चार नाही, पाच वर्षं. तीन एप्रिलपासून. मी म्हटलं, नव्याने येणाऱ्यांना ना? म्हणाला, नाही, सगळ्यांना. आत असलेल्यांनासुद्धा.

म्हणजे दहा जून २००७.

टॉयलेटमध्ये जाऊन रडले. मग तोंड धुऊन आले, तर कीथ विचारतो, हे-फीव्हर का? परागकणांची सर्दी, मार्चमध्ये! हो म्हटलं.

मी चार वर्षांच्या नियमावर आले होते. तेव्हाच्या कागदावर तसं छापलं होतं, माझ्याकडे आहे तो कागद. मध्येच नियम बदलायचा आणि जुन्यांनाही तोच लावायचा? आमच्या लिस्टवर असं कुणी करून दाखवावं, सोलून काढतील.

२८ मार्च, मंगळ.
ड्रायव्हर आत गेला. कर्नेल २.६.१७ मध्ये येणार. मेंटेनर, म्हणजे सांभाळणारी, म्हणून माझं नाव. हेन्रिकने चक्क "नाइस वर्क" लिहिलं. दोन शब्द, पण त्याचे दोन म्हणजे दुसऱ्याचे दोनशे.

कीथने ऑफिसात डोनट्स आणले. मला आनंद व्हायला हवा होता. निघायची सगळी तयारी झाली आणि गाडीच वर्षभर पुढे गेली.

३० मार्च, गुरु. पाडवा
आईचा फोन. श्रीखंड केलंस का? केलं म्हटलं. सुपरमार्केटातलं दही आणि वेलची. खोटं नाही अगदी. आई म्हणाली, "अगं एक वर्ष काय, चुटकीसरशी जाईल." आईने मला मूल कधी हे विचारणं आता सोडलंय. ते जास्त टोचतं.

९ मे, मंगळ.
लिस्टवर एक मेल. वेल्समधले कुणी मि. प्रिचर्ड. निवृत्त टेलिफोन इंजिनियर, वय एकाहत्तर. छंद म्हणून प्रत्येक नवा कर्नेल, तो पक्का व्हायच्या आधीच, घरच्या मशीनवर चढवून बघतात. ओढ्याकाठी त्यांच्या गावचा हॉल आहे, तळघरात पाणी शिरतं. पाण्याची पातळी आमचं कार्ड मोजतं आणि चढली की प्रिचर्डकाकांचा प्रोग्रॅम पंप सुरू करतो. गेल्या आठवड्यात त्यांनी २.६.१७ ची कच्ची आवृत्ती चढवली. पाणी चढायला लागलं तसा पंप बंद झाला. उतरलं असतं तर सुरू झाला असता. बॅडमिंटनची लाकडी जमीन फुगली.

सेन्सर तिसऱ्या चॅनेलवर.

काकांना आकडे उलटे येतात हे २००३ पासून माहीत होतं. त्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये ते मुकाट्याने सुलटे करून घेतले होते. तक्रार का केली नाही? लिहितात, "मला वाटलं, तुमचं तसंच असेल."

हात् तिच्या! मी सुलटं केलं, म्हणून त्यांचं उलटं झालं.

११ मे, गुरु.
मी हेन्रिकला बाणेदारपणे लिहिलं होतं: माझं आत्ताचं बरोबर आहे, आधीचं चूक होतं, प्रिचर्ड यांनी प्रोग्रॅममधली एक ओळ बदलावी.

त्याचं उत्तर: कालपर्यंत त्यांचं चालत होतं. आज चालत नाही. त्यांनी काहीही चूक केलेली नाही. म्हणजे चूक आपली. जुनं परत आणा.

आणि खाली: असे किती प्रिचर्ड आहेत हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही.

तासभर धुसफुसले. मग लक्षात आलं, मार्चमध्ये मी स्वतः हेच बडबडत होते. आतल्या माणसाचा नियम मध्येच बदलू नका. तेव्हा मी प्रिचर्ड होते. आज मी सरकार झाले आणि लगेच म्हणाले, एक ओळच तर आहे, बदला!

कप्पाळ माझं.

१५ मे, सोम.
चूक परत घातली. आता ती कायमची. कुणी काढायची नाही, मीसुद्धा.

पण सरळ परत घालूनही भागत नाही. कार्डाच्या दुसऱ्या आवृत्तीत तारा बरोबर आहेत, तिथे आकडे सुलटेच येतात, म्हणून कुठलं कार्ड उलटं हे ड्रायव्हरने सांगायला तरी हवं. आणि मधला एक गठ्ठा असा की वर शिक्का दुसऱ्या आवृत्तीचा, आत तारा पहिलीच्या. तेव्हा जोडणीवर बसणारा डेरेक आता रिटायर होऊन स्पेनला गेला. कुठल्या सीरियल नंबरपासून कुठपर्यंत तो गठ्ठा, हे फक्त माझ्या २००३ च्या वहीत आहे. नुसते आकडे एका तक्त्यात घातले आणि पॅच पाठवला.

हेन्रिक: हे जादूचे आकडे कुठून आले? आत्ता घाई आहे म्हणून घेतो. स्पष्टीकरण लिहून पाठवा, म्हणजे तुमच्याशिवाय दुसऱ्यालाही कळेल. पाठवते म्हटलं.

१० जून, शनि.
आज चार वर्षं. समीर ब्रिस्टलला आला, केक घेऊन. मी म्हटलं, कशाचा केक? तो म्हणाला, चारचा. पाचचा पुढच्या वर्षी. मला हसू आलं नाही, तर त्याचं तोंड उतरलं. मग दोघांनी अर्धा केक संपवला आणि बंदरावर फिरून आलो. चांगला आहे गं माझा नवरा. त्याच्यावर चिडते कारण दुसरं कुणी हाताशी नसतं.

तो फ्लॅट गेला म्हणाला. बाल्कनीवाला.

१२ जुलै, बुध.
कीथने प्रिचर्डकाकांकडे पाठवलं, कार्ड बघून ये, माफी मागून ये. ट्रेन, मग बस, मग पायी. काका फाटकाशी उभे. मोजून माझ्या खांद्याएवढे. म्हणाले, "म्हणजे ती बाई तुम्ही! माझ्या मिसेसला सांगितलं होतं, ड्रायव्हरवाली बाईच आहे." मिसेस दोन वर्षांपूर्वी गेल्या. हॉल त्यांच्या नावाने आहे, म्हणून पंपाची एवढी काळजी.

फुगलेल्या फळ्या बघितल्या. मी सॉरी म्हणायला लागले, तर काकांनी उलट माझंच सांत्वन केलं. "टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चाळीस वर्षं काढली मी. आमच्याकडे सत्तावीस सालचं काही होतं, ते कुणालाच कळत नव्हतं, म्हणून कुणीच हात लावत नव्हतं. ज्याला कळायचं तो माणूस मेला. मग आम्ही रोज त्याला शिव्या घालायचो." आणि हसले.

कार्डाचा सीरियल नंबर बघितला. त्याच मधल्या गठ्ठ्यातलं. चहा, बेदाण्यांचा केक, बस चुकली, काकांनी गाडीने स्टेशनला सोडलं. कितीतरी दिवसांनी कामावरून येताना बरं वाटलं.

३१ ऑगस्ट, गुरु.
रविवारी स्टॅनमोरला गणपती झाला, आणि आज हे.

कंपनी विकली. जर्मनीतल्या कुणीतरी घेतली. कँटीनमध्ये सगळ्यांना उभं करून सांगितलं. ब्रिस्टलच्या इंजिनियरिंगचा "आढावा" नाताळपर्यंत. जे काम तिकडून होऊ शकतं ते तिकडे जाणार.

नंतर कीथने मला बाजूला घेतलं. बिचारा पांढराफटक पडला होता, त्याचंही काही खरं नाही. म्हणाला, "तू घाबरू नकोस, व्ही. गोधडी नि तो तक्ता तुझ्याशिवाय कुणाला कळतो? मी त्यांना तेच सांगितलंय."

नोकरी गेली तर परमिट गेलं. परमिट गेलं की समीरचाही व्हिसा गेला, आणि चार वर्षं दोन महिने पाण्यात. जून २००७ पर्यंत मी इथे हवीच. ज्या ड्रायव्हरमधून सुटायला वर्षभर धडपडले, त्यालाच आता घट्ट धरून बसायचं.

१२ सप्टें., मंगळ.
हेन्रिकची आठवण: स्पष्टीकरण? लिहिलं, कामात आहे, पुढच्या आठवड्यात. स्पष्टीकरणाचा पॅच जुलैपासून लिहून तयार आहे, वेल्सहून आल्या आल्या लिहिला होता. तो प्रत्येक गोष्ट खरी धरतो, म्हणून खोटं बोलताना जास्त वाईट वाटलं.

दुपारी प्रिचर्डकाकांचं पत्र. कागदावर, शाईने. हृदयाचं ऑपरेशन ठरलंय, ऑक्टोबरात. बरा होईनच, पण शिडी चढता येणार नाही, पंपाचं काम गावातल्या एका शिक्षिकेकडे देतोय. तिला समजेल असं, तिसऱ्या चॅनेलचं कोडं मला लिहून द्याल का? कुठलं कार्ड उलटं, कुठलं सुलटं, बदललं तर काय करायचं?

१७ सप्टें., रवि. ट्रेनमध्ये
भांडलो. लेलेकाकूंना ऐकू जाऊ नये म्हणून गाडीत बसून भांडलो, पार्किंगमध्ये.

समीर म्हणाला, "नको पाठवूस. नऊ महिने. कुणाचं काय बिघडतंय?"
"हेन्रिकला शब्द दिलाय."
"हेन्रिक तुला व्हिसा देणार आहे?"
"आणि प्रिचर्डकाका?"
"त्यांना फोनवर सांग ना. लिहून कशाला द्यायचं?"

मी म्हटलं, तू असा नव्हतास. तो म्हणाला, "मी दोन वर्षं दुसऱ्याच्या घरात बेसिनखालच्या कपाटात माझं तांदळाचं पीठ ठेवतो, वैजू. मी असा झालोय."

सगळ्यात वाईट म्हणजे तो बोलला ते मी आधीच करत होते. त्याने फक्त तोंडाने म्हटलं.

२५ सप्टें., सोम.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मधला मार्ग काढला. काकांना सहा पानं लिहिली, हाताने. तारा, आवृत्त्या, मधला गठ्ठा, सीरियल नंबर कुठून कुठपर्यंत, का झालं, चूक कुणाची, माझी, सगळं. आकृती काढली. त्या शिक्षिकेला कळेल इतकं सोपं लिहिलं. जेवणाच्या सुट्टीत पोस्टात टाकलं.

लिस्टवर नाही पाठवलं. हेन्रिकला परत "पुढच्या आठवड्यात."

पोस्टाच्या रांगेत स्वतःची शरम वाटली. पण टाकलं तेव्हा वाटलं, निदान त्या हॉलमध्ये तरी पाणी शिरणार नाही. बाकीचं जूनपर्यंत झाकलेलं राहील. कागद वेल्समध्ये एका ड्रॉवरमध्ये. कोण बघतंय?

६ ऑक्टो., शुक्र.
काल कुणीतरी कर्नेलच्या पोटातली एक जुनी गोष्ट बदलली. इंटरप्ट, म्हणजे कार्डाची हाक, घेणाऱ्या प्रत्येक फंक्शनचं एक आर्ग्युमेंट काढून टाकलं. लिनक्समधल्या झाडून सगळ्या ड्रायव्हरमध्ये, एका दमात. माझ्यातही. मी नावही न ऐकलेल्या माणसाने माझी फाइल उघडली, दुरुस्त केली, बंद केली. मला विचारायची गरजही पडली नाही.

इकडची गोधडी मात्र नव्या कर्नेलवर लगेच फाटली. तिला शिवायला दोन दिवस मीच बसणार. गोधडी आहे तोवर मी आहे. गिऱ्हाइकांनी जुने कर्नेल सोडू नयेत म्हणून देवाला हात जोडणारी जगात मी एकटीच असेन.

११ ऑक्टो., बुध.
सकाळी लिस्ट उघडली. विषय: तिसऱ्या चॅनेलचं कोडं, एकदाचं नीट समजावलेलं. पाठवणार: प्रिचर्ड, काल रात्री.

काकांनी माझी सहाच्या सहा पानं टाइप केली. आकृतीसुद्धा टिंबं नि रेघा जोडून काढली. वर लिहिलंय: "उद्या मी हॉस्पिटलात दाखल होतोय. इतकं चांगलं लिहिलेलं एका म्हाताऱ्याच्या ड्रॉवरमध्ये राहणं बरोबर नाही. लेखिका फार कामात असतात, त्यांच्याकडे हे टाइप करायला वेळ नसणार, म्हणून मी केलं. सगळं श्रेय त्यांचं."

लेखिका फार कामात असतात.

हेन्रिकने दोन तासांत त्याचा पॅच केला. माझ्या नावाने. खाली लिहिलं, या ड्रायव्हरबद्दल आजवर वाचलेलं सर्वांत प्रामाणिक लिखाण. मला वाटलं, टेबलाखाली जाऊन बसावं.

काकांवर चिडायचा प्रयत्न केला. जमलं नाही. आत्ता त्यांना भुलीचं इंजेक्शन देत असतील. चांगलं केलं त्यांनी. माझ्याशी चांगलं वागले ते. त्यांना काय माहीत?

१२ ऑक्टो., गुरु.
लिस्टवर आणखी एक उत्तर. नव्या मालकांच्या जर्मनीतल्या ऑफिसातून, कुणी इंजिनियर. अतिशय सभ्य. "धन्यवाद, हेच हवं होतं. यापुढे हा ड्रायव्हर आम्हाला इथूनच सांभाळता येईल."

गेल्या नोव्हेंबरात हे वाक्य कुणी लिहिलं असतं, तर मी ऑफिसभर पेढे वाटले असते.

तीन वाजता कीथ टेबलाशी आला. "वाचलं मी. किती स्पष्ट लिहिलंयस, व्ही." खरंच कौतुक होतं त्याच्या बोलण्यात. मग त्याने माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "उद्या साडेदहाला जरा बसूया? एचआरचं कुणीतरी असेल."

वेल्सला फोन केला. शेजारीण म्हणाली, ऑपरेशन झालं, अजून जागे नाहीत.

समीरचे दोन मिस्ड कॉल. उद्या शुक्रवार, संध्याकाळी मी नेहमीच्या गाडीने जाणार, तो पॅडिंग्टनला येणार. त्याला अजून काही सांगितलेलं नाही.